कागदावर लिहिलेली वेळ: स्पाइक मिलिगनचा विनोद समजून घेताना

२०२४ मध्ये अहमदनगरचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले आणि त्या निमित्ताने शहराच्या इतिहासाबद्दल, तिथे जन्मलेल्या आणि राहून गेलेल्या माणसांबद्दल पुष्कळ लिहिले-बोलले गेले. निजामशाही, चांदबीबी, भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात स्थानबद्ध असलेले नेहरू, ही नावे आपल्या ओळखीची आहेत. त्या यादीत एक नाव मात्र असे आहे की ज्यापाशी बहुतेक मराठी वाचक थबकतो: स्पाइक मिलिगन, ब्रिटिश विनोदी नट आणि लेखक, जन्म १६ एप्रिल १९१८, अहमदनगर.

ज्याला कुतूहल वाटते तो त्याचे जुने रेडिओ कार्यक्रम शोधून ऐकतो आणि दहा मिनिटांत गोंधळून जातो. कुणीतरी चिरक्या आवाजात ओरडत असते, मध्येच स्फोट होतो, कथानकाला ना शेंडा ना बुडखा, आणि समोरचे श्रोते मात्र हसून बेजार झालेले असतात. यात एवढे हसण्यासारखे काय आहे, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला अर्धाअधिक इंग्रजी विनोद या एका माणसाचे ऋण का मानतो, हा प्रश्न मलाही बरीच वर्षे पडलेला होता. आज तो माझा अत्यंत आवडता कलावंत आहे. त्याच्या विनोदाची रचना एकदा ध्यानात आली की तो गोंगाट राहत नाही, म्हणून ती रचना इथे उलगडून दाखवतो आहे.

छावणीतले बालपण

मिलिगनचे खरे नाव टेरेन्स ॲलन. त्याचे वडील लिओ मिलिगन हे आयरिश, ब्रिटिश लष्कराच्या तोफखान्यात नोकरीला आणि हौशी रंगमंचावर गाण्यानाचण्याची आवड असलेले. आई फ्लॉरेन्स इंग्रज. नगरला जन्म, मग पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिक्षण, पुढे वडिलांच्या बदलीबरोबर रंगून, आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला, किशोरवयात, आग्नेय लंडनची एक साधी वस्ती. स्वच्छ ऊन, मोकळी मैदाने आणि बँडची कवायत सोडून हा मुलगा धुरकट, पावसाळी शहरात आला. तिथे तो इंग्रज होता, पण इंग्लंड त्याला परके होते. तिथे त्याने ट्रंपेट हाती घेतला आणि जॅझ वाजवू लागला. ‘स्पाइक’ हे टोपणनावही रेडिओवर ऐकलेल्या स्पाइक जोन्स या वादकाच्या बँडवरून आले.

त्याच्या विनोदाचे बी मला या छावणीतच दिसते. छावणी हे एक विलक्षण जग असते. तिथे प्रत्येक गोष्टीला नियम असतो, प्रत्येक हुकमाला ‘होय साहेब’ हे एकच उत्तर असते, आणि कुंपणाबाहेरच्या जगाशी त्या नियमांचा काडीचाही संबंध नसतो. हे वातावरण ज्याने लहानपणापासून पाहिले, त्याला नियम पाळत पाळत माणूस किती दूरच्या वेडेपणापर्यंत जाऊ शकतो हे कुणी समजावून सांगावे लागत नाही.

निरर्थक म्हणजे अर्थ नसलेले नव्हे

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. मिलिगनच्या विनोदाला इंग्रजीत ‘नॉन्सेन्स’ म्हणतात. आपण त्याला निरर्थक विनोद म्हणू. या शब्दाने पहिलीच गल्लत होते, कारण निरर्थक म्हटले की वाटेल ते बरळणे असा अर्थ मनात येतो. प्रत्यक्षात प्रकार अगदी उलटा आहे.

घाईत सदरा घालताना पहिले बटण दुसऱ्या काजात गेले की काय होते, ते आठवून पाहा. त्यानंतरचे प्रत्येक बटण आपण नीट, क्रमाने, न चुकता लावतो. एकही बटण सुटत नाही. मात्र शेवटी गळ्याशी आल्यावर एक बटण काजाविना उरते आणि सदरा तिरका झालेला असतो. निरर्थक विनोद असा असतो. सुरुवातीला एकच पाऊल चुकीचे पडते आणि पुढची सगळी पावले तंतोतंत बरोबर पडतात. हसू त्या पहिल्या चुकीचे येत नाही. पुढच्या निर्दोष शिस्तीचे येते. म्हणून या विनोदाला तर्क लागतो, आणि साध्या विनोदापेक्षा जास्तच लागतो.

मिलिगनच्या ‘द गून शो’ या रेडिओ कार्यक्रमातला १९५७ सालचा एक प्रवेश यासाठी अगदी जवळून पाहण्यासारखा आहे. एकल्स आणि ब्लूबॉटल ही दोन भोळी पात्रे. एकल्सचे काम स्वतः मिलिगन करत असे आणि ब्लूबॉटलचे पीटर सेलर्स. ब्लूबॉटल विचारतो, किती वाजले? एकल्स म्हणतो, थांब, माझ्याकडे कागदावर लिहिलेले आहे. सकाळी एका भल्या गृहस्थाने त्याला वेळ लिहून दिली आहे: आठ वाजले. कुणी वेळ विचारली की हा कागद काढून दाखवतो. यावर ब्लूबॉटलला रास्त शंका येते, की कुणी विचारेल तेव्हा आठ वाजलेले नसतील तर? एकल्सचे उत्तर तयार असते: मग मी कागद दाखवतच नाही. पण आठ वाजले हे तुला कळते कसे? अर्थात, कागदावर लिहिलेले आहे ना!

इथे थांबून प्रत्येक उत्तर तपासून पाहावे. वेळ लक्षात राहत नाही म्हणून लिहून घेणे, यात गैर काय? आपण फोन नंबर लिहून घेतो, वाण्याची यादी लिहून घेतो. खोटी वेळ सांगायची नाही म्हणून आठ नसताना कागद न दाखवणे, हा तर प्रामाणिकपणा झाला. पुरावा मागितल्यावर लेखी कागद पुढे करणे ही तर आपल्या सगळ्या कचेऱ्यांची रीत आहे. चुकीचे बटण एकच: लिहून ठेवलेली गोष्ट लिहिली तेव्हापुरती खरी असते, हे एकल्सला ठाऊक नाही. त्या एका अज्ञानावर तो पुढचा सगळा डोलारा इतक्या निष्ठेने उभारतो की शेवटी ब्लूबॉटललाही हेवा वाटतो. असा वेळ लिहिलेला कागद आपल्यालाही परवडता तर किती बरे झाले असते, असे तो म्हणतो. मग तो कागद कानाशी धरून ऐकतो आणि सांगतो की हा चालत नाही. आपल्याला नकली माल विकला गेला, या जाणिवेने एकल्स हादरतो.

कागद कानाशी धरण्याची ही जागा मला या संपूर्ण प्रकारातली सर्वांत सुंदर वाटते. हा कागद घड्याळाचे काम करतो हे एकदा दोघांनी मान्य केल्यावर तो टिकटिक करतो की नाही हे पाहणे क्रमप्राप्तच नव्हते का? तर्काचे पुढचे पाऊल तेच होते आणि ते कुणीतरी टाकणे भाग होते.

मराठी माणसाला ही रीत परकी वाटू नये. ‘काट्याच्या अणीवर वसले तीन गाव, दोन ओसाड एक वसेचिना’ ही ज्ञानेश्वरांच्या नावावर असलेली रचना आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो आहोत. जे गाव वसलेच नाही तिथे तीन कुंभार येतात, त्यांतले दोन थोटे आणि एकाला घडवता येत नाही, त्याने घडवलेली मडकी भाजत नाहीत, आणि हे सारे अत्यंत काटेकोर क्रमाने पुढे सरकत राहते. तिथला हेतू आध्यात्मिक आहे आणि मिलिगनचा तसा नाही. त्याने हे कधी ऐकले असेल असे सुचवण्याचाही माझा मुळीच इरादा नाही. एवढेच सांगायचे आहे की अशक्याची शिस्तबद्ध मांडणी आपल्या कानांना शेकडो वर्षांच्या सवयीची आहे.

हे सगळे रेडिओवरच का घडले?

‘द गून शो’ बीबीसीवर २८ मे १९५१ रोजी सुरू झाला. त्या वेळी त्याचे नाव ‘क्रेझी पीपल’ होते. मिलिगन, पीटर सेलर्स, हॅरी सीकम आणि सुरुवातीच्या काळात मायकल बेंटीन असे हे कलावंत. संहिता मुख्यतः मिलिगनच्या. लॅरी स्टीफन्स आणि एरिक साइक्स यांनी त्याला लेखनात साथ दिली. २८ जानेवारी १९६० रोजी शेवटचा भाग प्रसारित झाला तोवर दोनशेहून अधिक भाग झाले होते.

रेडिओचे एक सामर्थ्य आपण विसरत चाललो आहोत. नाटकात राजवाडा दाखवायचा तर पडदा रंगवावा लागतो, चित्रपटात तो उभारावा लागतो. रेडिओवर ‘आपण राजवाड्यात आलो’ असे म्हटले की राजवाडा उभा राहतो, कारण तो ऐकणाऱ्याच्या डोक्यात असतो. आजीने सांगितलेल्या गोष्टीतला राक्षस कधी खर्चिक नव्हता, तसेच हे. मात्र मिलिगनच्या आधी बहुतेकांनी या सोयीचा उपयोग दिवाणखाना किंवा रस्ता दाखवण्यासाठी केला. मिलिगनने विचारले, की ज्या गोष्टी डोळ्यांना कधी दाखवताच येणार नाहीत त्या कानांना का दाखवू नयेत?

१९५५ मधल्या एका भागात सीकमने रंगवलेल्या नेडी सीगून या नायकाला एक काम मिळते: एक पियानो एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवायचा, मोबदला पाच पौंड. करारावर सही झाल्यावर कळते की पियानो नेपोलियनचा आहे, पहिली खोली पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे आणि दुसरी इंग्लंडमध्ये. करार तर झाला आहे, तेव्हा सीगून पियानोवर बसून तो इंग्लिश खाडीतून वल्हवत आणतो. पडद्यावर हे दृश्य एक तर ओढूनताणून आणल्यासारखे दिसेल किंवा निव्वळ महागडे ठरेल. रेडिओवर लाटांचा आवाज, वाऱ्याचा आवाज आणि मधूनच वाजणाऱ्या पियानोच्या चार पट्ट्या पुरतात. बाकीचे सारे श्रोता स्वतः करतो आणि स्वतः केल्यामुळेच त्याला ते पटते.

आवाजांच्या बाबतीत मिलिगन अतिशय काटेकोर होता. कस्टर्डने भरलेला मोजा भिंतीवर आपटल्याचा आवाज त्याला हवा होता, तेव्हा त्याने बीबीसीच्या उपाहारगृहातून कस्टर्ड आणवून मोज्यात भरले आणि तो आपटून पाहिला, असा किस्सा सांगितला जातो. मनासारखा आवाज काही आला नाही, कारण खरी वस्तू तिच्या आवाजासारखी ऐकू येईलच असे नसते. ही गोष्ट ध्वनी संयोजन करणाऱ्या कुणालाही विचारा, तो मान डोलावेल. बीबीसीने १९५८ मध्ये इलेक्ट्रॉनिक ध्वनींसाठी स्वतंत्र कार्यशाळा काढली, तिथे सुरुवातीच्या काळात तयार झालेल्या ध्वनींमध्ये या कार्यक्रमातल्या मेजर ब्लडनॉक नावाच्या पात्राच्या बिघडलेल्या पोटाचा आवाजही होता.

आणखी एक युक्ती होती आणि ती समजली की निम्मा कार्यक्रम समजतो. निवेदन करायला बीबीसीचा खराखुरा निवेदक वॉलेस ग्रीनस्लेड असे. बातम्या ज्या गंभीर, भारदस्त आवाजात दिल्या जात त्याच आवाजात तो वाटेल ती अशक्य गोष्ट जाहीर करत असे. वेडेपणाला सरकारी शिक्का मिळाला की तो अधिक वेडा दिसतो, हे मिलिगनने ओळखले होते. दुसऱ्या टोकाला ब्लूबॉटल. हे पात्र संहितेत आपल्यासाठी लिहिलेल्या सूचनाही संवादासारख्या वाचून टाकते: आत येतो, टाळ्यांसाठी थांबतो, टाळ्या पडत नाहीत. शाळेत नाटकाचा धडा वाचताना एखादा मुलगा कंसातला ‘रागाने’ हा शब्दही मोठ्याने वाचतो आणि सारा वर्ग हसतो, ते हसू इथे दर आठवड्याला योजनापूर्वक घडवले जात असे.

तोफ हरवली आहे

दुसऱ्या महायुद्धात मिलिगनही वडिलांप्रमाणे तोफखान्यात होता. उत्तर आफ्रिकेतल्या लढाईत त्यांच्याजवळची एक अवजड तोफ कड्यावरून घसरून खाली गेली आणि खाली उभ्या असलेल्या एका लष्करी गाडीजवळ आदळली. थोड्या वेळाने एका शिपायाने गाडीत डोके घालून विचारले, तुम्हांपैकी कुणी एखादी तोफ पाहिली का? आतून उत्तर आले, कोणत्या रंगाची? विचारणारा मिलिगन आणि उत्तर देणारा हॅरी सीकम. त्यांच्या पहिल्या भेटीची ही हकीकत दोघेही पुढे रंगवून सांगत, तेव्हा तिच्यात काही भर पडलेली असू शकते. पण हरवलेल्या वस्तूचे वर्णन विचारण्याची कारकुनी शिस्त आणि वस्तू म्हणजे कड्यावरून पडलेली तोफ, हे समीकरण पाहिले तर ‘द गून शो’ तिथेच सुरू झाला असे म्हणायला हरकत नाही.

पुढे जे घडले ते मात्र हसण्याजोगे नव्हते. जानेवारी १९४४ मध्ये इटलीत, माँते कासिनोच्या लढाईत तो तोफगोळ्याच्या स्फोटाने जखमी झाला. पायाची जखम भरली, मनाची भरली नाही. आवाज झाला की तो थरथरू लागे, रडू लागे. त्याच्यातल्या शिपायाला आधाराची गरज होती, त्याऐवजी त्याची श्रेणी उतरवण्यात आली. या अपमानाची नोंद त्याने आपल्या युद्धाच्या आठवणींत केली आहे. १९७१ पासून त्याने त्या आठवणी सात खंडांत लिहिल्या, आणि मधल्या काही पानांवर विनोद अचानक थांबतो आणि मेलेल्या मित्रांची नावे येतात. ती पाने मला त्याच्या साऱ्या लेखनात सर्वांत मौल्यवान वाटतात.

ही पार्श्वभूमी ठाऊक असली की ‘द गून शो’मधले स्फोट वेगळे ऐकू येतात. त्या कार्यक्रमात प्रत्येक भागात काहीतरी उडते. ब्लूबॉटल तर जवळजवळ दर आठवड्याला मरतो, मारल्याबद्दल तक्रार करतो आणि पुढच्या आठवड्यात धडधाकट परत येतो. ज्या माणसाने स्फोटात जीव जाताना पाहिले त्याने असे जग रचले की जिथे स्फोटाने कुणी मरत नाही. ऐकणाऱ्यांत युद्धावरून परतलेले हजारो पुरुष होते. मूर्ख अधिकाऱ्याचा अचूक अमलात आणलेला हुकूम कसा दिसतो, हे त्यांना माहीत होते.

त्याच्यानंतर काय बदलले?

विनोदी प्रसंगाच्या शेवटी जो हशा मिळवणारा टोला असतो, त्याला पंचलाइन म्हणतात. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या संवाद वाढवत वाढवत नेतो आणि शेवटी असा एक शब्द टाकतो की तिथे ढोलकीची थाप पडावी. इंग्रजी विनोदी कार्यक्रमांतही प्रत्येक प्रसंग या टोल्यावर संपलाच पाहिजे असा दंडक होता. त्याची अडचण अशी की लेखकाची सारी शक्ती शेवट शोधण्यात जाते आणि चांगली कल्पना केवळ शेवट सापडला नाही म्हणून टाकून द्यावी लागते.

मार्च १९६९ मध्ये मिलिगनने ‘क्यू फाइव्ह’ ही दूरचित्रवाणी मालिका आणली आणि हा दंडकच झुगारला. प्रसंग रंगात आलेला असताना मध्येच थांबायचा, आणि सगळे नट ‘आता आपण काय करायचे?’ असे एका सुरात म्हणत कॅमेऱ्याच्या दिशेने चालत येत. त्या वेळी पाच तरुण ब्रिटिश आणि एक अमेरिकन आपला नवा कार्यक्रम कसा असावा याचा खल करत होते. आपल्याला जे करायचे आहे ते मिलिगनने आधीच करून टाकले, हे पाहून ते चकित झाले आणि मग त्याच मोकळ्या रस्त्याने पुढे गेले. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्यांची ‘माँटी पायथन’ ही मालिका सुरू झाली. ‘क्यू फाइव्ह’चे दिग्दर्शन करणारा इयन मॅकनॉटन हाच तिचाही दिग्दर्शक होता. हे ऋण त्या मंडळींनी कधी लपवले नाही. १९७८ मध्ये ते ट्युनिशियात चित्रीकरण करत असताना मिलिगन योगायोगाने आपल्या युद्धकाळातल्या जागा पाहायला तिथे आला होता. त्यांनी त्याला लगेच एक छोटी भूमिका दिली.

संगीतातही हा धागा जातो. सेलर्स आणि मिलिगन यांच्या विनोदी ध्वनिमुद्रिका जॉर्ज मार्टिनने केल्या होत्या, आणि बीटल्सची चार पोरे त्याच्याकडे आली तेव्हा या माणसाने गून मंडळींबरोबर काम केले आहे ही गोष्ट त्यांना मोठी वाटली. त्यांतल्या जॉन लेननच्या शब्दखेळांत ‘द गून शो’चा कान स्पष्ट ऐकू येतो. १९५९ मध्ये रिचर्ड लेस्टरने मिलिगन आणि सेलर्स यांना घेऊन सुमारे ७० पौंडांत अकरा मिनिटांचा एक मूकपटासारखा लघुपट केला, त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले, आणि बीटल्सचा पहिला चित्रपट १९६४ मध्ये त्याच लेस्टरने दिग्दर्शित केला.

“पण हा शेवटी पोरकटपणाच ना?”

हा आक्षेप सर्वांत जुना आहे. त्याला माझे उत्तर असे, की गंभीर विषय हाताळण्याची या पद्धतीची ताकद पाहावी. १९६३ मध्ये मिलिगनने जॉन अँट्रोबससह ‘द बेड सिटिंग रूम’ हे नाटक लंडनच्या रंगमंचावर आणले. अणुयुद्ध होऊन गेले आहे आणि किरणोत्सर्गामुळे एक उमराव हळूहळू भाड्याच्या खोलीत रूपांतरित होतो आहे. अणुबॉम्बने होणाऱ्या संहाराची कल्पना माणसाच्या बुद्धीला करता येत नाही. आकडे सांगितले तर ते नुसते आकडे राहतात. मात्र माणसाची खोली झाली तर तिचे भाडे किती, हा प्रश्न कुणी शांतपणे विचारला, की त्या युद्धाचा वेडेपणा अंगावर येतो.

त्याच वर्षीच्या ‘पकून’ या कादंबरीत आयर्लंडची फाळणी करणारी रेघ एका खेड्याच्या मधून जाते. चर्च एका देशात, दफनभूमी दुसऱ्या देशात. आता मृतदेह पुरायचा तर सीमा ओलांडावी लागणार, आणि सीमा ओलांडायची तर मयताचा पासपोर्ट हवा. नकाशावर रेघ ओढणाऱ्यांचे काय चुकते हे भारतीय वाचकाला सांगायला नको. मिलिगनने स्वतः ते भोगलेही होते. वडील आयर्लंडचे, जन्म हिंदुस्थानातला. नियम बदलत गेले आणि ज्या देशासाठी तो युद्धात जखमी झाला त्याच देशाचा पासपोर्ट त्याला मिळेना. शेवटी त्याने आयरिश नागरिकत्व घेतले. ब्रिटनने पुढे त्याला ‘नाइट’ हा किताब मानद स्वरूपातच दिला, कारण कागदोपत्री तो परदेशी होता.

२७ फेब्रुवारी २००२ रोजी तो गेला. ‘मी आजारी आहे असे तुम्हांला सांगितले होते’ हे वाक्य आपल्या थडग्यावर कोरावे अशी त्याची इच्छा होती. चर्चच्या अधिकाऱ्यांनी इंग्रजीत ते कोरायला संमती दिली नाही, आयरिश भाषेत दिली. विन्चेल्सी इथल्या दफनभूमीत ते आज आयरिशमध्ये कोरलेले आहे. जे वाचता येते ते नको आणि तेच वाचता आले नाही तर चालेल, हा निर्णय एकल्सला तत्काळ पटला असता.

“हा विनोद वेडातून आला का?”

मिलिगनला उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून ग्रासत. या आजाराला द्विध्रुवी विकार म्हणतात. १९५२ च्या अखेरीस, दर आठवड्याला नवी संहिता देण्याच्या ताणाखाली, तो पूर्णपणे कोसळला आणि त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. पुढेही असे अनेकदा झाले. यावरून ‘वेड आणि प्रतिभा एकाच नाण्याच्या दोन बाजू’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा, असे मला मनापासून वाटते.

आजार त्याला काही देत नव्हता. तो त्याच्याकडून आठवडे, महिने आणि घरचे सुख हिरावून घेत होता. कागदावरच्या वेळेसारखा प्रवेश लिहायला जी सलग, थंड एकाग्रता लागते ती खोल नैराश्यात बुडालेल्या माणसाकडे नसते. तो आजारी असे तेव्हा दुसऱ्यांनी कार्यक्रम सांभाळला आणि बरा असे तेव्हा त्याने लिहिले, हा साधा हिशेब आहे. १९९३ मध्ये त्याने अँथनी क्लेअर या मानसोपचारतज्ज्ञाबरोबर नैराश्यावर पुस्तक लिहिले आणि ज्या काळात नामवंत माणसे हा विषय दाबून ठेवत त्या काळात आपले सगळे उघडपणे सांगितले. माझ्या लेखी ते धैर्य त्याच्या कोणत्याही विनोदाइतकेच मोठे आहे.

“तो आपल्यालाच हसत नव्हता का?”

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. ‘द गून शो’मध्ये लालकाका आणि बॅनर्जी ही दोन भारतीय पात्रे होती, ती सेलर्स आणि मिलिगन भारतीय हेल काढून वठवत. १९६९ मध्ये तर त्याने ‘करी अँड चिप्स’ या मालिकेत चेहऱ्याला रंग फासून पाकिस्तानी-आयरिश माणसाची भूमिका केली. तक्रारी झाल्या आणि सहा भागांनंतर मालिका बंद पडली. ती बंद पडली ते योग्यच झाले.

ज्या मोजपट्टीने आपण त्याचा चांगला विनोद मोजला त्याच मोजपट्टीने हा वाईट विनोद मोजता येतो. एकल्सच्या कागदात चुकीचे बटण विचारात होते, त्यामुळे ते कुणाच्याही सदऱ्याचे असू शकत होते. रंग फासलेल्या चेहऱ्यात विचार थांबतो आणि हसण्याचे कारण म्हणून एका समाजाची कातडी आणि उच्चार पुढे केले जातात. त्यात तर्काचे दुसरे पाऊलच नाही. नगर-पुण्याबद्दल आयुष्यभर मायेने बोलणाऱ्या माणसाने हे करावे याचे दुःख होते, आणि ते दुःख ठेवूनच त्याच्या उत्तम कामावर प्रेम करावे लागते.

“मराठीत हे उतरते का?”

सगळे उतरत नाही. १९५९ च्या त्याच्या बालकवितांच्या पुस्तकातली ‘निंग नँग नाँग’ची कविता १९९८ मध्ये ब्रिटनच्या लोकांनी सर्वांत लाडकी विनोदी कविता म्हणून निवडली, पण तिचे सारे सौंदर्य नादात आहे. तिचे भाषांतर करणे म्हणजे ‘अडगुलं मडगुलं’चा इंग्रजी अर्थ सांगणे. अशा वेळी मूळ ऐकावे आणि ट्रंपेट वाजवणाऱ्या माणसाचा ताल कुठे कुठे आहे तो शोधावा.

तर्क मात्र उतरतो, तो भाषेच्या कुंपणात अडकत नाही. मागे एकदा घरी आलेल्या सात वर्षांच्या भाचीला मी एकल्स आणि ब्लूबॉटल यांचा तो प्रवेश मराठीत सांगितला. कागद, आठ वाजले, नाही दाखवायचा, सगळे सांगितले. ती हसली नाही. तिने भुवया आकसल्या आणि म्हणाली, “मामा, त्याला एकच कागद दिलाय म्हणून होतंय. बारा द्यायला पाहिजेत.” मग उठून वहीचे पान फाडून तिने त्याचे बारा तुकडे केले, एकेकावर आकडा घातला, आणि आठाचा तुकडा कानाशी धरून बराच वेळ ऐकत बसली.